मागच्या रांगेचा सा

साऽऽऽ.

हा आवाज लिहून दाखवता येत नाही, तरी प्रयत्न करतो. दगडी फरश्यांचं छत असलेली एक लांबट खोली, पायाखाली थंडगार जमीन, आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून उभी दहा-बारा पोरं. तोंड धड मिटलेलं नाही, धड उघडलेलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच सूर धरलेला. ना शब्द, ना ताल. शेजारच्याचा दम संपला तर आपला सोडायचा नाही, एवढा एकच नियम. त्या पोरांत डावीकडून तिसरा मी.

ही गोष्ट छप्पन्न सालची, ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या आमच्या मराठी शाळेतली. शाळेला दरबाराकडून गाण्याच्या तासासाठी एक बाजाची पेटी मिळाली होती. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आणि आता मध्यभारतही जाऊन मध्य प्रदेश होणार होता. प्रत्येक वेळी नव्या सरकारचा माणूस येऊन शाळेतल्या सामानाची यादी करायचा. शेवटच्या यादीत पेटी नेमकी कुणाची हे ठरेना, म्हणून तिला कपाटात घालून वर लाखेचं सील ठोकलं. आमचे गुरुजी त्या सिलाकडे बघून म्हणाले, "पेटीला कुलूप लागलंय, गळ्याला नाही." मग त्यांनी वर्गाचे दोन भाग केले. ज्यांचा गळा चांगला ती मुलं पहिल्या रांगेत, त्यांनी गाणं म्हणायचं. ज्यांचा यथातथाच ती मागच्या रांगेत, त्यांनी पेटी व्हायचं. पहिल्या रांगेची म्होरकी सुधा. दोन घट्ट वेण्या आणि खणखणीत आवाज. आम्हा मागच्यांना तिने नाव ठेवलं होतं, भुंगे.

गाणं गुरुजींनी स्वतः रचलेलं. नव्या राज्याच्या समारंभात म्हणायचं होतं, पण त्यात राज्याचं नावही नव्हतं. होतं फक्त गडावरून खाली उतरणारं ऊन. कवितेचं वेड मला तेव्हापासूनचं. मागे उभा राहून सा धरता धरता दोन्ही कडवी मी मनात पाठ करून टाकली. तिसरं कडवं गुरुजी सोमवारी देणार होते. आम्ही रविवारी ग्वाल्हेर सोडलं. वडील मोतीमहालातल्या कचेरीत कारकून, कचेरी चालली भोपाळला, तिच्यामागे फायली आणि फायलींमागे आम्ही.

आयुष्यभर दाढी करताना मी तो सा धरत आलो. आमची ही, शालिनी, होती तोवर म्हणायची, "गाणं तरी म्हणा, नाही तर पंखा तरी बंद करा." तिला कधी सांगता आलं नाही, की हेच माझं गाणं आहे आणि ते अर्धं आहे.

आता प्रवासाकडे येतो.

जानेवारीत मुलगी मुक्ता घरी आली होती. फोनवर बोट सरकवता सरकवता म्हणाली, "बाबा, तुमच्या ग्वाल्हेरला काहीतरी आहे बघा." किला गेटजवळच्या मैदानात, उघड्यावर, केवळ कंठाच्या गाण्याचा जलसा. देशभरातली मंडळी येणार, प्रवेश मोफत. शेवटी एक खुला तास, त्यात कुणीही गावं. अटी दोनच. किमान पाच गळे हवेत आणि वाद्य एकही नको, मोबाईलमधला तंबोरासुद्धा चालणार नाही.

मी म्हणालो, "मी जाणार."

"ऐकायला?"

"म्हणायला."

मुक्ताने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी लग्न करतो म्हणालोय. "बाबा, पाच माणसं लागतात. तुम्ही एक आहात."

"उरलेली चार तिथे असतील."

सत्तर वर्षांनी? असं ती म्हणाली नाही, पण भुवईने म्हणाली. मला फक्त एवढंच हवं होतं. ते गाणं एकदा, मी आहे तोवर, अखेरपर्यंत कुणीतरी म्हणावं.

गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून दिल्लीकडे जाणारी गाडी पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगतो, खालचा बर्थ महिनाभर आधी मिळतो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ग्वाल्हेरला लागते. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे तिची वेळ विचारू नये. फेब्रुवारी उत्तम, अंगात स्वेटर आणि डोक्यावर निळं आभाळ. भोपाळच्या पुढे खिडकीबाहेर गहू आणि मोहरी सुरू झाली, तसा मी खिडकीचाच झालो. समोरच्या बर्थवरच्या बाई दर तासाला विचारायच्या, "अंकल, कुछ ढूंढ रहे हैं?" काय सांगणार? ज्या वाटेने नऊ वर्षांचा गेलो, त्याच वाटेने उलटा येत होतो.

झांशी मागे पडलं, मग दतिया, आणि मग डाव्या हाताला तो दिसला. आमचा गड. एवढ्या वर्षांत मी म्हातारा झालो, त्याच्या अंगावर एक सुरकुती नाही.

स्टेशनाबाहेर इ-रिक्षांची झुंबड असते. एकट्याने आख्खी करू नका, सोबतीने बसा, वीस रुपयांत लश्कर या जुन्या वस्तीत पोचाल. लॉज मी नई सडकेवर घेतला होता. जुना, स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. पिशवी टाकली आणि पायीच खासगी बाजारात शिरलो.

शाळेच्या जागी लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. बाहेर काचेत सोनेरी गणपतींच्या चाळीस तऱ्हा. पण दगडी चौकट तीच. मी तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो. दुकानदाराला वाटलं, घरी लग्न आहे. "कितने कार्ड, दादाजी?" एवढ्यात मागून आवाज आला, "पुण्याहून आलात का? मराठी दिसून राहिलात."

मागे वळलो तर स्कूटीवरून उतरणारी तिशीतली एक मुलगी. गळ्यात बँकेचं ओळखपत्र. तिचं नाव वैशाली. समोरच्याच घरात राहते. मी शाळेचं नाव काढलं मात्र, ती म्हणाली, "मग तुम्ही वरती चला. इंदुआत्या तर इसी स्कूल की बातें करते करते थकत नाही. चाय तिथेच होऊन जाईल."

इंदुताई वरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. लहानपणी तापात पाय गेला, त्यामुळे शाळेत घातलंच नाही. पण खिडकी शाळेच्या वर्गासमोर. "तुम्ही आत शिकलात, मी इथे," त्या म्हणाल्या. "पाढे मला तुमच्या आधी यायचे. तुम्ही कुठल्या रांगेत होतात?"

"मागच्या."

"म्हणजे भुंगे!" त्या अशा हसल्या, की वैशालीच्या हातातला चहा हिंदकळला.

मी विचारलं, गाणं आठवतं का? त्यांनी डोळे मिटले आणि हळूच सुरुवात केली. शब्द नव्हतेच. नुसता आकार. पण चाल! माझ्या अंगावर काटा आला. ती हुबेहूब चाल, पहिल्या ओळीत पायऱ्या उतरणारी, दुसरीत जरा थबकणारी. "रस्त्यावर टांग्यांचा खडखडाट," त्या म्हणाल्या, "सूर यायचे, शब्द गळून जायचे. इतकी वर्षं विचार करते, तुम्ही म्हणत काय होतात?"

मी त्यांना म्हणून दाखवलं. म्हणून म्हणजे, बोलून.

गडावरून उतरे ऊन पायरी पायरी,
कुणाकुणाच्या दारात थबकते क्षणभरी.

कोणी उघडले दार, कोणी निजले अजून,
ज्याच्या त्याच्या ओसरीत ऊन बसले येऊन.

इंदुताईंनी खिडकीबाहेर शाळेच्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन होय! मी समजायची देवाचं काहीतरी आहे." आणि मग, "तिसरं?"

"तिसरं मला मिळालंच नाही. आम्ही निघून गेलो."

"तिसरं होतं. त्याची चाल निराळी, शेवटी वर चढते. तुम्ही लोक जात राहिलात. दर आठवड्याला पुढच्या रांगेतलं एखादं पोर कमी. बाबू लोकांचीच मुलं ना सगळी. शेवटी शब्दांना एकच मुलगी उरली होती, खणखणीत आवाजाची. ती एकटी गायची आणि मागे तुमचे चार-दोन भुंगे. मग एक दिवस तीसुद्धा ऐकू आली नाही. समारंभ झाला असेल कुठे, पण हे गाणं काही त्यात झालं नाही."

"सुधा," मी म्हणालो. "कुठे असते आता?"

"भोपाळला गेली म्हणे. पुढे कोण जाणे."

शनिवारी सकाळी नई सडकेवर बेडई खाल्ली. डाळ भरलेली फुगीर पुरी आणि सोबत बटाट्याची झणझणीत रस्सा-भाजी. वर गरम जिलबी. पथ्य असेल तर निम्मीच घ्या, मी नाही घेतली. रविवारच्या जलशाची नोंदणी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शब्द माझ्याकडे, चाल इंदुताईंकडे, आणि वैशालीला आत्याने रात्रीच भरती करून टाकलं होतं. ("आत्या, मला गाना नहीं येत!" "तुला उभं तर राहता येतं ना?") म्हणजे तीन झाले. दोन हवे होते, आणि चाल उचलून शब्द गाईल असा एक तरी खरा गळा हवा होता. मला वाटलं, पहिल्या रांगेतलं कुणीतरी मागे राहिलं असेलच.

इंदुताईंनी दोन पत्ते दिले. पहिला बाबूराव मोऱ्यांचा, याच सडकेवर. घराणं फौजेतलं, आजा-पणजा तलवारीचे, यांचं दुकान स्कूटरच्या सीटा शिवण्याचं. आता मुलगा चालवतो, हे गल्ल्याशेजारी बसून सगळ्यांना सूचना देतात. मी ओळख सांगताच त्यांनी मला मिठीच मारली.

"अरे यार, बसा तो सही! गाणं? आठवतं का म्हणून काय विचारता, पाठ आहे पाठ!"

माझा जीव भांड्यात पडला. बाबूरावांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला, पाठ ताठ केली, डोळे मिटले, आणि भर बाजारात सुरू झाले.

"साऽऽऽ."

मी थांबलो. गिऱ्हाईक थांबलं. शिलाईचं यंत्र थांबलं. सूर मात्र चालूच. शेवटी मी म्हणालो, "बाबूराव, पुढे?"

त्यांनी एक डोळा उघडला. "पुढे काय? पूरा गाना एवढंच तर होतं."

दुसरे अनंतराव. पूर्वजांकडे दरबारातल्या पूजा होत्या, हे वीजखात्यातून निवृत्त झालेले. किला गेटपाशी घर. गंभीर माणूस, सोवळ्याओवळ्याचा. गाण्याचं नाव काढताच उठले, हात धुतले, चष्मा पुसून डब्यात ठेवला. मला खात्री पटली की हा माणूस पहिल्या रांगेतलाच. मग त्यांनी घसा खाकरला.

"साऽऽऽ."

मला हसू आवरेना. अनंतराव रागावले. "यात हसण्यासारखं काय आहे? गुरुजी म्हणायचे, मागची रांग हलली की गाणं पडलं. माझी कधी हलली नाही."

पायरीवर बसून मी बराच वेळ गडाकडे बघत राहिलो. शब्दवाले सगळे पांगले होते आणि मागे राहिले होते ते भुंगे. मीही त्यांतलाच. शब्द मला येतात, पण गायला मला कधी कुणी सांगितलंच नाही. आणि ज्यांना चाल येते त्या इंदुताई, चालवत नाही म्हणून, उंबऱ्याबाहेर फारशा पडलेल्या नाहीत. असे पाच जण मंचावर जाऊन काय करणार?

अनंतराव आतून चहा घेऊन आले. माझं ऐकून घेऊन म्हणाले, "शब्द तुमचे, सूर तिचे. दोघांनी मिळून एक माणूस होतो की. आम्ही पेटी आहोतच." इतक्या साध्या शब्दांत मला ते सुचलं नव्हतं.

पावणेपाचला नोंदणीच्या टेबलावर पोचलो. तिथल्या मुलाने विचारलं, "ग्रुप का नाम?" आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर बाबूरावांनी ठणकावून सांगितलं, "भुंगे. लिहा. बी-एच-यू."

तालीम इंदुताईंच्या खोलीत. पहिल्यांदा काही जमेना. आम्ही तिघं म्हातारे नऊ वर्षांच्या पोरांचा सा शोधत होतो आणि तो दरवेळी हातून निसटत होता. इंदुताई वैतागल्या. "अरे, त्या उंचीवर आता कुणी राहतं का? जिथे गळा बसलाय तिथेच धरा. मी खाली येते." त्या खाली आल्या आणि सगळं सुरळीत बसलं. माझ्या तोंडून शब्द नीट चालीवर येत नव्हते, म्हणून ठरलं की इंदुताई गातील, मी प्रत्येक ओळ अर्धा श्वास आधी त्यांच्या कानाशी सांगेन. आणि तिसरं? इंदुताई म्हणाल्या, "ते मी जसं ऐकलं तसंच गाणार. बिनाशब्दांचं."

रविवारी पहाटे एकटाच गड चढलो. किला गेटकडून वाहन वर जात नाही, ते पलीकडच्या उरवाई बाजूने जातं. इकडून दगडी चढणीची वाट, बूट चांगले हवेत, पाण्याची बाटली हवी. माझ्या वयाचे असाल तर दर दरवाज्यापाशी बसा, बसायची जागा राजांनी त्यासाठीच ठेवली असावी. वर मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरश्या आणि पिवळ्या बदकांची रांग आहे. सूर्य उगवला तो थेट त्या बदकांवर. मग ऊन खाली सरकायला लागलं. बुरूज, तट, वाट, पायऱ्या, मग पहिली घरं. गुरुजी इथे उभे राहिले असणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी कठड्याला टेकून दोन्ही कडवी मोठ्याने म्हटली. शेजारी सेल्फी काढणारी जोडी जरा लांब सरकली.

जलसा तीनला सुरू झाला. मैदानात सतरंज्या, बसणाऱ्यांच्या पाठीशी गड, मंच साधा, आणि माणसं! आया मुलांना घेऊन आलेल्या, दुकानं अर्धी ओढून आलेले व्यापारी, शाली पांघरलेले बुजुर्ग. शेंगदाणे आणि गजक विकणारे रांगांतून फिरत होते. गजक म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत वडी, थंडीत इथे येऊन ती न खाता परतू नये.

बुंदेलखंडातल्या आठ बायकांनी लग्नातल्या गारी गायल्या. व्याह्यांना अशा शिव्या, की पुढे बसलेले पोलीससुद्धा हसून हसून लाल झाले. नागालँडहून बारा जण आले होते. चार वेगळे सूर एकावर एक असे रचत गेले, की मोकळ्या मैदानाला घुमट आहे असं वाटायला लागलं. इथल्याच कॉलेजातली पाच पोरं तोंडाने ढोल, झांज आणि रेल्वेगाडी वाजवत होती. एका तरुण मुलीने तंबोऱ्याशिवाय तराणा गायला. हिंमतीचं काम. मधे एकदा तिचा सा किंचित हलला, तसे अनंतराव माझ्या कानात पुटपुटले, "मागची रांग नाही ना."

खुल्या तासात आमचा नंबर सहावा. वैशाली आणि कॉलेजच्या त्या पोरांनी इंदुताईंना खुर्चीसकट उचलून मंचावर नेलं. त्या एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदाच. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. खाली बघून मला म्हणाल्या, "खिडकी नाहीये इथे."

"मी आहे," मी म्हणालो. त्यांच्या कानाशी वाकून उभा राहिलो.

बाबूरावांनी सुरुवात केली. साऽऽऽ. अनंतराव त्यात मिळाले, मग वैशाली, मग मी. तो सूर लागला आणि मला खाली थंडगार फरशी लागली. इंदुताईंनी डोळे मिटले. मी शब्द सांगत गेलो, त्या गात गेल्या. ऐंशीच्या घरातला आवाज, जरासा चिरलेला, पण चालीत एक पायरी चुकली नाही. गडावरून उतरे ऊन. समोरच्या माणसांना मराठी येत नसेल, पण 'गड' कळला, कारण मान वळवून लोक मागे बघू लागले. गडावर खरोखर तिरपं ऊन पडलं होतं.

दुसरं कडवं संपलं. आता तिसरं. मला सांगायला शब्द नव्हते. इंदुताईंनी नुसता आकार सुरू केला आणि मी सा धरायला गेलो. माझा सा तुटला. पण सूर तुटला नाही. शेजारी बाबूराव होते, त्यांच्या पलीकडे अनंतराव. शेजारच्याचा दम संपला तर आपला सोडायचा नाही. तेवढ्यात मंचाच्या कडेने आणखी कुणीतरी आमच्या सा मध्ये मिसळलं. बघतो तर नागालँडची मंडळी, बाराच्या बारा, वरचा आणि खालचा सा धरून उभी. मग तराणा गाणारी मुलगी. मग बुंदेली बायका. मग पहिली रांग, दुसरी रांग, शेंगदाणेवाला. आख्खं मैदान मागची रांग झालं. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून इंदुताईंचा आवाज वर चढत गेला, अगदी तिथपर्यंत, जिथे ती चाल शेवटी जाते.

टाळ्या किती वाजल्या ते मी सांगत नाही, फुगवून सांगितलंसं वाटेल. एवढं सांगतो, की बाबूराव मंचावरून उतरायलाच तयार नव्हते. "एक बार और," ते सगळ्यांना सांगत होते, "अरे, पूरा गाना आता आहे हमको!" अनंतराव पहिल्यांदाच हसले. आणि इंदुताई वैशालीला म्हणाल्या, "उद्यापासून मला संध्याकाळी खाली ओट्यावर बसव. खिडकीतून काही पुरतं ऐकू येत नाही."

सोमवारच्या गाडीने निघालो. स्टेशनवर बाबूराव गजकाचा डबा घेऊन आले होते, तो झांशीपर्यंतच पुरला. वैशालीने आमचं गाणं कुणीतरी काढलेल्या व्हिडिओतून सगळ्यांना पाठवून दिलं. मुक्ताने ते पाहिलं आणि फोनवर फक्त, "बाबा, तुमचा पंखा," एवढंच म्हणाली.

घरी येऊन आज दहा दिवस झाले. काय उरलं म्हणाल तर, गड फोटोत आला नाही, बेडईची चव इथल्या पुरीला नाही. दाढी करताना सा आपोआप लागतो, आणि आता तो अर्धा वाटत नाही. गाणं अखेरपर्यंत झालं. शब्द नव्हते, तरी झालं. तिसऱ्या कडव्यात गुरुजींनी काय लिहिलं असेल, हा विचार मात्र जात नाही. मी स्वतः चार-पाच वेळा रचून पाहिलं. त्या चालीला माझं एकही पेललं नाही.

काल वैशालीचा फोन आला होता. पूर्ण पत्ता मागून घेतला, फ्लॅटचा नंबरसुद्धा. "आजोबा, गजक भेजून राहिलेय," म्हणाली आणि विनाकारण हसली.

हे एवढं लिहून होतंय तोच बेल वाजली. पार्सल आलं असणार, म्हणून चष्मा तसाच कपाळावर ठेवून दार उघडलं.

पार्सल नव्हतं. दारात एक वृद्ध बाई उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, एका हातात काठी, रिक्षातून उतरून जिना चढल्याची धाप. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भुंगाच ना रे तू? डावीकडून तिसरा?"

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

"पंचवीस वर्षं कर्वेनगरात राहते मी. तू वीस मिनिटांवर, आणि तुमचा व्हिडिओ फिरत फिरत पोचला तेव्हा मला पत्ता मिळाला तो ग्वाल्हेरहून." खणखणीतपणा तोच, फक्त आता त्याला धाप लागत होती. "आणि काय रे, तिसरं कडवं नुसतं आऽआऽ करून उरकलंत? गुरुजींनी ते सोमवारी दिलं. तू गेल्यावर."

"सुधा, आत तर ये."

"आत नंतर. आधी सा धर."

मी धरला. ती उंबऱ्यावरच उभी राहिली, काठी भिंतीला टेकवली, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, पहिल्या रांगेत उभी असायची तशी.

ज्यांच्या दाराला कुलूप, गेले गाव जे सोडून,
त्यांच्या उंबऱ्यापाशीही ऊन राहिले थांबून.